सोलापुरांतील एक पितळी पडघम

आपल्याकडे पितळेचें भांडें घरांत येतें तें बहुधा नांव घेऊनच येतें. लग्नांतली घागर असो, मुंजींत आलेली पळी-पंचपात्री असो, कीं कोणा आत्यानें भाच्याला दिलेला गडू असो. त्याच्या कांठाखालीं बारीक टिपके ठोकून तें कोणीं, कोणास व कोणत्या सालीं दिलें हें लिहिलेलें असतें. पुष्कळ कुटुंबांचा लेखी इतिहास एवढाच असतो. पणजीचें नांव कागदोपत्रीं कोठेंही न सांपडलें तरी तिच्या हंड्यावर तें सांपडतें, आणि घासून घासून तें पुसट होत चाललें म्हणजे घरांतील वडील माणसें हळहळतात. पितळेचेंच दुसरें एक भांडें मात्र असें आहे कीं, त्यावर बनविणाराचें नांव असतें, विकणाराचें असतें, ज्या पलटणीसाठीं तें घेतलें तिचें चिन्हही क्वचित् असतें. परंतु ज्यानें तें जन्मभर खांद्याला अडकवून वागविलें त्याचें नांव त्यावर घालण्याची चाल नाहीं. हें भांडें म्हणजे बँडांतील पितळी पडघम. बँडवाले त्याला साइड ड्रम म्हणतात. त्याची ओळख कशी पटवावी आणि तो पुन्हां वाजता कसा करावा, हा या लेखाचा विषय आहे. आणि यांपैकीं दुसरी गोष्ट उतावळेपणानें केली तर पहिली कायमची अशक्य होते, हें सांगणें हा त्याचा हेतु आहे.

निमित्त सोलापुरांतील एका परिचितांच्या घरीं घडलें. त्यांचे आजोबा लग्नाच्या बँडांत वाजवीत असत. आजोबा गेले, वडील गिरणींत लागले, बँड मोडला, आणि पडघम माळ्यावर चढला तो पुष्कळ वर्षें तेथेंच राहिला. घर दुरुस्तीस काढलें तेव्हां तो खालीं आला, आणि मोडीच्या दुकानदारानें तो ताजव्यांत घालून पितळेचा भाव सांगितला. घरांतील मुलांनीं तो देऊं दिला नाहीं. तेजाबांत बुडवून व चाकावर घासून तो आरशासारखा लखलखीत करावा आणि येत्या संक्रांतीपूर्वीं दिवाणखान्यांत ठेवावा, असें त्यांचें म्हणणें होतें. परिचितांनीं मला तीन प्रश्न विचारले: हा किती जुना, हा कोठला, आणि हा वाजेल काय? या प्रश्नांचीं उत्तरें देण्यापूर्वीं हें वाद्य आहे तरी काय, आणि तें सोलापुरास कोणत्या वाटेनें आलें, हें पाहिलें पाहिजे.

पडघमाची रचना वरवर साधी आहे. दोन्ही तोंडें उघडीं असलेलें पितळेचें रुंद नळकांडें, दोन्ही तोंडांवर ताणून बसविलेलें कातडें, आणि वरच्या पुडीवर आघात करावयास दोन काठ्या. खरी खुबी खालच्या पुडींत आहे. ही पुडी वरच्यापेक्षां पातळ असते, आणि तिच्या अंगाला लागून आंतड्याच्या अथवा तारेच्या कांहीं ताती आडव्या ताणलेल्या असतात. वर काठी पडली कीं आंतील हवेच्या धक्क्यानें खालची पुडी थरथरते, आणि त्या थरथरीबरोबर ताती तिच्यावर तडतडूं लागतात. ज्यांनीं तंबोऱ्याची जवारी लागलेली ऐकली आहे त्यांना हें तत्त्व परकें वाटणार नाहीं. घोडीवर तार नुसती टेकली तर स्वर कोरडा निघतो. मध्यें दोरा सरकवून तिचा स्पर्श नेमका साधला म्हणजे तोच स्वर भरून येतो. मिरजेचे कारागीर जें तंबोऱ्यांत स्वरासाठीं साधतात तेंच येथें आघातासाठीं साधलेलें आहे. ताती ढिल्या ठेवल्या तर पडघम रिकाम्या डब्यासारखा बोलतो; फार आवळल्या तर त्याचा आवाज कोंडतो. या दोहोंमधील जी जागा, ती सांपडणें म्हणजेच पडघम लागणें.

धातूच्या भांड्यावर कातडें ताणून तें वाजविणें ही गोष्ट आपल्याला नवी नव्हती. देवळांतील नगारा व चौघडा, मिरवणुकींतील ताशा, गोंधळ्यांचा संबळ हीं वाद्यें आपण किती तरी पिढ्या ऐकत आलों. सोलापुराहून एका दिवसांत जाऊन येण्यासारखें असलेलें तुळजापूर तर संबळाचें माहेरच म्हटलें पाहिजे. इतकेंच नव्हे, तर आपण ज्याला नगारा म्हणतों त्याचें अरबी नांव 'नक्कारा'. तें मध्ययुगांतील धर्मयुद्धांच्या काळांत वाद्यासकट युरोपांत गेलें आणि जुन्या इंग्रजींत 'नेकर' होऊन बसलें. परंतु हीं सर्व वाद्यें एकतोंडी. खालीं भांडें बंद, वर पुडी. दोन तोंडांचा, ताती लावलेला पडघम युरोपांत पायदळाबरोबर वाढला. धुळींत व धुरांत शिपायाला सेनापतीचा शब्द ऐकूं येत नसे; पडघमाचा तडतडाट ऐकूं येई. चालणाऱ्याच्या बाजूला तिरपा लटकवून वाजवीत, म्हणून त्याला 'बाजूचा पडघम' हें नांव पडलें. आरंभीं त्याचें भांडें लांकडाचें असे. पुढें पितळेचें आलें, कारण पितळ पावसांत फुगत नाहीं आणि त्याचा आवाज मैदानावर लांब जातो. पुड्या दोरीनें आवळलेल्या असत. आपल्या ढोलकीच्या दोरींत जशा कड्या ओंवतात तशा त्या दोरींत चामड्याच्या पट्ट्या असत. त्या खालीं ओढल्या कीं पुडी चढे. १८३७ च्या सुमारास लंडनच्या कॉर्नेलियस वॉर्डनें दोरीच्या जागीं आट्यांचा उपयोग सुरू केला. तेव्हांपासून आट्याच्या लोखंडी वा पितळी गजांनीं पुडी आवळण्याची पद्धत हळूहळू रूढ झाली. दोरीच्या पडघमाला उंची लागते. गजांमुळें तो उथळ करतां येऊं लागला. पडघमाचें वय ठरवितांना ही गोष्ट उपयोगीं पडते.

हें वाद्य मराठी माणसाच्या हातीं प्रथम कोठें आलें, याचें उत्तर शोधावयाचें तर दृष्टि तंजावराकडे वळते. तेथील मराठे राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनीं आपल्या दरबारीं पाश्चात्य धर्तीचा बँड उभा केला, आणि पाश्चात्य स्वरलेखनाचे कागद आपल्या प्रसिद्ध सरस्वती महाल ग्रंथालयांत जमविले. तंजावरास हा पडघम राजाच्या आवडीनें आला; सोलापुराकडे तो ज्या सैन्याचें वाद्य होता तें सैन्य वैरी म्हणून आलें. १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रो यानें येथें पेशव्यांच्या फौजेचा मोड केला व थोड्याच दिवसांत भुईकोट किल्ला घेतला. त्यामागून छावणी आली, आणि छावणीमागून तिचा बाजार. सदर बझार हें नांव अजून त्याची साक्ष देतें. जेथें पलटण तेथें पडघम, आणि जेथें पलटण मोडते वा हलते तेथें जुनीं वाद्यें व शिकलेले हात मागें राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानभर लग्नाचे बँड निघाले त्यांच्या मुळाशीं पलटणींचे व संस्थानांचे बँड होते. लाल अंगरखा आणि सोनेरी झालर ही तर उघड उघड पलटणीची नक्कल होती.

सोलापुरांत या वाद्याला पोसणारी वस्तीही वाढली. आगगाडी आली, १८७७ मध्यें पहिली कापडगिरणी, म्हणजे लोक जिला पुढें 'जुनी गिरण' म्हणूं लागले ती, सुरू झाली, मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू बोलणारीं कष्टकरी कुटुंबें एका गांवांत नांदूं लागलीं. सर्वांच्या भाषा निराळ्या, परंतु वरात सर्वांचीच. शिवाय सोलापूरचा सर्वांत मोठा उत्सव हाच मुळीं एक लग्नसोहळा आहे. बाराव्या शतकांतील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्याशीं विवाह करण्याची इच्छा एका कुंभारकन्येनें धरली; योग्यानें आपला योगदंड पुढें केला व त्याच्याशीं तिचा विवाह लागला, अशी कथा आहे. संक्रांतीच्या यात्रेंत तो अक्षतासोहळा संमती कट्ट्यावर दरसाल होतो. पांढऱ्या बाराबंदींतले मानकरी सात उंच नंदीध्वज पेलून मिरवितात. आणि पुढें हलगी कडाडते, सनई-चौघडा वाजतो, व त्यांच्या जोडीला बँडही असतो. वरातींतले वाद्य देवाच्या वरातींत आलें यांत नवल तें काय?

तरी पण एक गोष्ट विसरतां येत नाहीं. हें वाद्य मूळचें लष्कराचें, आणि लष्कर म्हणजे काय तें सोलापूरनें १९३० च्या मे महिन्यांत भोगलें आहे. येथें मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यास फांशीं देण्यांत आलें. ज्या गांवावर सरकारनें लष्कर घातलें त्याच गांवानें लष्कराचा पडघम आपल्या लेकीच्या लग्नांत वाजविला. यांत लाचारी नाहीं. वाद्य ज्याच्या हातांत असतें त्याचें होतें, एवढाच याचा अर्थ आहे. परंतु म्हणूनच तें कोणाच्या हातांत होतें हें कळणें, तें कोणत्या कारखान्यांत बनलें हें कळण्याहून कमी महत्त्वाचें नाहीं.

आतां कारखान्यांविषयीं. हिंदुस्थानांत जे पडघम आले त्यांतले पुष्कळसे लंडनचे. बूझी आणि कंपनीचें दुकान रीजंट स्ट्रीटवर, हॉक्स आणि सन यांचें पिकॅडिली सर्कसजवळ डेन्मन स्ट्रीटवर. १९३० मध्यें या दोन पेढ्या एक होऊन 'बूझी अँड हॉक्स' झाली. म्हणून ज्या पट्टीवर हें जोडनांव आहे तो पडघम १९३० च्या आधींचा असूं शकत नाहीं. प्रीमियर ही कंपनी १९२२ सालीं लंडनांत निघाली. १९४० च्या बाँबवर्षावांत तिचा कारखाना उद्ध्वस्त झाला व ती लेस्टरकडे गेली. तेव्हां पट्टीवरील गांवाचें नांवही काळ सांगतें. अमेरिकेंत शिकागोच्या लडविग बंधूंनीं १९०९ मध्यें धंदा काढला; त्यांचे पितळी पडघम नाट्यगृहांत बसून वाजविण्यासाठीं केलेले, पांच-सहा इंचच उंच, असे असत. आणि आपल्याकडे मेरठ शहरांत १८८५ मध्यें नादिर अली आणि कंपनी निघाली. मेरठच्या जाली कोठी भागांत पुढें बँडच्या वाद्यांचा धंदा इतका वाढला कीं, हिंदुस्थानांतील लग्नाच्या बँडांचें तें कोठारच झालें.

इतकी सामग्री मनांत धरून आम्ही तो पडघम अंगणांत उजेडांत ठेवला. व्यास चौदा इंच, उंची बारा इंच, गज आठ, कडीं लांकडी. उंचीवरूनच तो चालत वाजविण्याचा, म्हणजे पलटणी घाटाचा, हें ठरलें. पट्टी नव्हती. तिच्या जागीं खिळ्यांचीं दोन भोंकें आणि भोंवतालच्या काळवंडलेल्या धातूंत एक फिकट लांबट ठसा, एवढेंच उरलें होतें. असल्या वेळीं मन निराश होतें. परंतु पट्टी हा वाद्याचा एकच साक्षीदार नव्हे, आणि फार खात्रीचाही नव्हे, कारण पट्टी एका पडघमाची काढून दुसऱ्याला लावतां येते. भांड्याचें अंग तसें बदलतां येत नाहीं.

पहिली परीक्षा धातूची. लोहचुंबक लावला, चिकटला नाहीं. म्हणजे मुलामा दिलेलें पोलाद नव्हे. कांहीं ठिकाणीं चंदेरी मुलामा उरला होता, त्याची झांक किंचित् पिवळसर होती. निकेलचा रंग असा ऊबदार दिसतो. क्रोमियमचा मुलामा निळसर व थंड दिसतो, आणि तो १९२५ च्या सुमारास बाजारांत आला. निकेल असल्यानें पडघम जुनाच ठरतो असें नव्हे, कारण निकेल पुढेंही वापरांत राहिलें. परंतु क्रोमियम असतें तर तो त्यापूर्वींचा खास नव्हे असें म्हणतां आलें असतें. दुसरी परीक्षा जोडाची. आंत हात फिरवितांच उभा जोड बोटाला लागला: पत्रा वांकवून, कडेवर कड चढवून झाळलेला. चक्रावर ओढून केलेल्या बिनजोड भांड्याची ही रीत नव्हे. तिसरी परीक्षा आट्यांची, आणि ती फार कामाची. इंग्लंडांत व्हिटवर्थनें १८४१ मध्यें सुचविलेल्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेंत सेलर्सनें १८६४ मध्यें सुचविलेल्याचा ६० अंशांचा. आटे मोजण्याची दातेरी पट्टी लावली तेव्हां आठांपैकीं सहा गज व्हिटवर्थचे निघाले. अमेरिका बाद झाली. पण येवढ्यावरून लंडनचा शिक्का मारतां येत नाहीं, कारण आपल्याकडील रेल्वेचे व गिरण्यांचे कारखानेही इंग्रजी मापांवरच चालत. दशमान मापांचा कायदा आपण १९५६ मध्यें केला. लंडन कीं मेरठ, हा प्रश्न आट्यांनीं सुटत नाहीं.

उरलेले दोन गज लोखंडाचे होते, कोणा स्थानिक मिस्त्रीनें लेथावर आटे पाडून केलेले. खालीं तातींच्या ऐवजीं सायकलच्या ब्रेकची तार उलगडून लावली होती. खालच्या लांकडी कड्याचा रंग एकाच बाजूला, वीतभर लांबीचा, पार उडून लांकूड गुळगुळीत झालें होतें. ही झीज पाहण्यासाठीं आम्ही बँडांत आयुष्य घालविलेल्या एका वृद्ध गृहस्थांना बोलाविलें. त्यांनीं पडघम डाव्या बाजूला तिरपा धरला; झिजलेली जागा बरोबर त्यांच्या मांडीवर आली. चालणाऱ्या माणसाच्या पायानें पावलागणिक केलेलें तें लिखाण होतें. मग त्यांनीं आंत दिव्याचा उजेड पाडून एक जागा दाखविली. भांड्याला पूर्वीं एक चीर गेली होती व तिच्यावर पितळेचें ठिगळ झाळलें होतें. ठिगळाशेजारीं टोंकदार खिळ्यानें बाळबोध अक्षरांत एक नांव कोरलें होतें आणि त्याखालीं '१९४१'. तें नांव आजोबांचें नव्हतें. घरांत तें कोणाला ठाऊकही नव्हतें.

तात्पर्य, पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर असें: हा पडघम १९४१ च्या आधींचा आहे, किती आधींचा, तर त्या सालीं तो फुटून डागडुजीस येण्याइतका जुना झालेला होता, तो पलटणी घाटाचा व इंग्रजी मापाचा आहे, आणि तो आजोबांना नवा मिळालेला नाहीं, त्यांच्यापूर्वीं तो दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर होता. मुलांना हें उत्तर आरंभीं अपुरें वाटलें. त्यांना कारखान्याचें नांव हवें होतें. परंतु तें खिळ्यानें कोरलेलें नांव वाचल्यावर तेजाबाची गोष्ट पुन्हां कोणी काढली नाहीं. तेजाबानें व चाकानें जें सर्वांत आधीं गेलें असतें तें हेंच अक्षर.

आतां तिसरा प्रश्न: हा वाजेल काय? जुनें पितळ स्वच्छ करण्याची आपली घरगुती रीत चिंच व राख यांची. ती पाण्याच्या घागरीला ठीक आहे. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचा मिलाफ. आंबट पदार्थ त्यांतील मळाबरोबर जस्तही ओढून काढतो, म्हणून चिंचेनें घासलेलें भांडें तांबूस दिसतें. आणि राख तर कानशीसारखी घासते. निकेलच्या पातळ मुलाम्यापुढें हे दोन्ही उपाय म्हणजे शत्रूच. त्याहून घातक अमोनिया, जो बाजारांतील पुष्कळ चकाकीच्या द्रवांत असतो. याची एक हिंदुस्थानांतीलच गोष्ट धातुशास्त्राच्या पुस्तकांत सांगतात. इंग्रजी फौजेचीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत आपोआप चिरत. तबेल्याच्या आसपास ठेवलेल्या मालांत हें विशेष दिसे. घोड्यांच्या मुतांतून निघणारा अमोनिया, दमट हवा, आणि ठोकून-ओढून घडविलेल्या पितळेच्या अंगांत राहिलेला ताण, या तिहींनीं मिळून पितळ चिरतें, हें मूर व त्यांचे सहकारी यांनीं १९२१ मध्यें दाखवून दिलें. पडघमाच्या भांड्यांतही असाच ताण राहिलेला असतो. म्हणून आम्ही कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ फडकें यांपलीकडे गेलों नाहीं. धुऊन, पुसून, सावलींत पूर्ण वाळवून वर मेणाचा पातळ हात दिला. भांडें आरशासारखें झालें नाहीं. जुन्या पितळेसारखें झालें.

अडकलेले गज तेल घालून दोन दिवस तसेच ठेवले, मग ते हातानें सुटले. लोखंडाचे दोन गज आम्ही बदलले नाहींत. ते काम देत होते, आणि कोणा मिस्त्रीच्या अडचणींतल्या युक्तीची ती खूण होती. पोंचे काढण्यास एका तांबटाला बोलाविलें. पितळ ठोकलें म्हणजे कठीण होत जातें. तांबट तें तापवून पुन्हां मऊ करून घेतो. येथें तापविण्याची सोय नव्हती, कारण आंचेनें ठिगळाचा डाख वितळला असता. म्हणून आंतून लांकडी ओंडका लावून, बाहेरून लांकडी मोगरीनें, जेवढे सहज बसतील तेवढेच पोंचे बसविले व उरलेले राहूं दिले.

याच वेळीं एक प्रसंग घडला. खालच्या कांठावर समोरासमोर दोन ठिकाणीं पत्रा बोटभर रुंदींत किंचित् खालीं दबलेला होता. सपाट फरशीवर ठेवतांच तेथें फट दिसे. तांबटानें स्वाभाविकच विचारलें, "काका, एवढी कड कानस मारून सरळ करून देऊं?" मीही होकार देणार होतों. तोंच वृद्ध गृहस्थ कोपऱ्यांतून म्हणाले, "त्याला हात लावूं नगा. तातीची वाट हाय ती." ताती पुडीला जेथें आडव्या भिडतात तेथें कांठ मुद्दाम किंचित् दाबलेला असतो, म्हणजे त्या पुडीवर सारख्या लांबीनें निजतात. कांठ सरळ केला असता तर ताती दोन्ही टोंकांना उचललेल्या राहून पडघम कायमचा खरखरत राहिला असता. जें आम्हांला वैगुण्य वाटलें ती रचना होती. हें ज्ञान मला कोणत्याही सूचिपत्रांत मिळालें नव्हतें. तें त्या गृहस्थांच्या मांडीनें व मनगटानें जतन केलेलें होतें, आणि ते तेथें बसलेले नसते तर पांच मिनिटांच्या कानशीनें तें नाहींसें झालें असतें.

पुड्यांविषयीं थोडें वादविवाद झाले. १९५७ मध्यें अमेरिकेंत रेमो बेली यानें प्लास्टिकच्या पुडीचा कारखाना काढला, त्यानंतर कातड्याची पुडी बहुतेक बँडांतून गेली. आतां हलगीवर सुद्धां प्लास्टिक दिसतें. त्याचें कारण आळस नव्हे. कातडें दमट हवेंत ढिलें पडतें, कोरड्या हवेंत ताणून फुटतें. हलगीवाल्याला दर थोड्या वेळानें जाळ करून हलगी शेकावी लागे, तें प्लास्टिकनें वांचलें. ज्याचें पोट वाद्यावर आहे त्यानें सोय पाहिली तर त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार दिवाणखान्यांत बसणारांस नाहीं. परंतु हा पडघम आतां पोटासाठीं वाजावयाचा नव्हता. म्हणून त्याला कातडेंच घातलें. वरची पुडी जाड, खालची पातळ. कातडें भिजवून, आंतल्या बारीक कड्याभोंवतीं त्याची कड गुंडाळून, भांड्यावर बसवून, गज नुसते हातानें लावून तें सावलींत दोन दिवस सुकूं दिलें. सोलापूरचें ऊन कडक; उन्हांत ठेवलें असतें तर कातडें एका दुपारींत तडकलें असतें. सायकलची तार काढून एका कागदांत बांधून ठेवली, व आंतड्याच्या ताती लावल्या.

मुलांपैकीं थोरल्याच्या मनांत एक इच्छा होती: भांड्याच्या बाहेरच्या अंगावर, जेथें पट्टीचा ठसा आहे तेथें, आजोबांचें नांव घालावें. ही इच्छा चुकीची म्हणवत नाहीं. पितळेवर नांव घालणें हा आपला कुलाचारच आहे. पण नवें नांव घातलें तर उद्यां पाहणारा त्या ठशाची परीक्षा करूं शकणार नाहीं. शेवटीं घरांतल्यांनींच तोड काढली. आजोबांचें नांव, दुरुस्तीचें साल, काय बदललें व काय ठेवलें याची याद, आणि खिळ्यानें कोरलेल्या त्या अनोळखी नांवाची नक्कल, हें सर्व एका कागदावर लिहून तो कागद व ती जुनी तार पडघमाच्या पेटींत ठेवली. ज्यानें १९४१ मध्यें आपलें नांव आंत कोरलें त्याला तें बाहेर कोरण्याची मुभा नव्हती किंवा धीर नव्हता. निदान त्याच्या नांवाला कागद तरी मिळाला.

तिसऱ्या दिवशीं वृद्ध गृहस्थांनीं समोरासमोरचे गज आळीपाळीनें थोडे थोडे आवळले, ताती सोडल्या, पुन्हां लावल्या, कान खालीं नेऊन ऐकलें, आणि पट्टा खांद्यावर घेतला. प्रथम एकेक आघात, मग दोन दोन, मग त्यांचा एकसंध तडतडाट. गल्लींतलीं मुलें दाराशीं जमलीं. ते फार वेळ वाजवूं शकले नाहींत. मनगटें थकलीं होतीं. पण पडघम वाजतो, हें तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर सर्वांनीं ऐकलें.

पुण्यास दिनकर केळकर यांनीं जन्मभर हिंडून दिवे, अडकित्ते, भांडीं व वाद्यें जमविलीं, आपल्या दिवंगत मुलाच्या नांवानें त्यांचें संग्रहालय केलें आणि १९७५ मध्यें तें सरकारच्या स्वाधीन केलें. त्यांच्या संग्रहाचें मोल त्यांतील सोन्याचांदींत नाहीं. सामान्य माणसाच्या हातानें झिजलेली वस्तु पाहण्यासारखी असते, हें त्यांनीं आपल्याला दाखविलें यांत आहे. प्रत्येक घर कांहीं संग्रहालय होऊं शकत नाहीं, आणि प्रत्येक जुनें वाद्य ठेवण्यासारखेंही नसतें. परंतु बँड, मेळे व तमाशे यांच्यावर ज्यांच्या वाडवडिलांनीं पोट भरलें अशीं घरें सोलापुरांत व इतरत्रही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या माळ्यांवर अजून पितळ आहे. तें मोडींत घालण्यापूर्वीं किंवा लखलखीत करण्यापूर्वीं एकदां दिवा घेऊन त्याच्या आंत पाहावें, आणि ज्यानें तसलें वाद्य वाजविलें आहे असा कोणी म्हातारा जवळपास असेल तर त्याला शेजारीं बसवून घ्यावें. भांडें घासावयाचें तर खुशाल घासावें. पण आधीं तें वाचावें.